दोन आडांचं पाणी

बाबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगावाच्या रकान्यात एका खेड्याचं नाव आहे. घनसावंगी तालुक्यातलं, कुंभार पिंपळगावहून जीपने अर्ध्या तासावर. वयाची सत्तेचाळीस वर्षं मी ते नाव फक्त त्या दाखल्यावर पाहत आले. सुट्टीत आम्ही कधी तिकडे गेलो नाही, तिथून कधी कुणी पाहुणा आला नाही. बाबा बाराव्या वर्षी जालन्याच्या बोर्डिंगात शिकायला आले, मागोमाग आजा-आजी मजुरीसाठी आले, आणि गाव सुटलं ते सुटलंच. लहानपणी मी विचारलं की बाबा म्हणायचे, "तिथं आपलं काही नाही." पुढे मी विचारायचं सोडून दिलं.

मग एका एप्रिलमध्ये त्याच गावाचं काम माझ्याकडे आलं.

मी भूगर्भशास्त्र शिकले आणि गेली वीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या विहिरींचं पाणी मोजते. एका संस्थेत करारावर आहे. ग्रामपंचायतीला बोअर घ्यायची असली, विहीर खोल करायची असली, की जागा बघायला आम्हाला बोलावतात. काम बहुतेक एकटीचंच. टेप, होकायंत्र, हातोडी, पाण्यातले क्षार मोजायचं हातात मावेल एवढं मीटर आणि जेवणाचा डबा पिशवीत टाकायचा, सकाळची एसटी पकडायची, दिवसभर उन्हात हिंडायचं आणि संध्याकाळी जालन्याच्या मस्तगड भागातल्या भाड्याच्या घरी परतायचं. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी. त्यांना कमी ऐकू येतं, मला दिवसभराच्या फिरण्यानंतर मोठ्यानं बोलायचा कंटाळा येतो. जेवताना आम्ही दोघं टीव्हीकडे बघतो.

गावाचं नाव वाचल्यावर ते काम मी दुसऱ्या कुणाला देऊ शकले असते. दिलं नाही. बाबांनाही गावाचं नाव सांगितलं नाही. "घनसावंगीकडे जातेय," एवढंच म्हटलं.

"ऊन फार आहे," ते म्हणाले. "टोपी घे."

तंटा समजायला सोपा होता. गावात दोन आड. एक वर, मारुतीच्या पाराजवळ. दुसरा खाली ओढ्याच्या अंगाला, बौद्ध वस्तीत. दोन्हींत अंतर अडीच-तीनशे पावलांचं. वरच्या आडावर मोटार बसवलेली. तिचं पाणी टाकीत चढतं आणि नळाने सगळ्या गावाला जातं, वस्तीलाही. उन्हाळ्यात ते पुरत नाही, म्हणून पंचायतीला खालच्या आडाशेजारच्या मोकळ्या जागेत खोल बोअर घ्यायची होती. वस्तीतल्या बायकांनी हरकत घेतली. त्यांचं धुणं, शेळ्यांचं पाणी, नळ आला नाही त्या दिवशीचं पिणं, सगळं त्या आडावर होतं. बोअर घेतली की आपला आड आटणार, असं त्यांचं म्हणणं. गावाचं म्हणणं, आडाचं पाणी वेगळं, बोअरचं वेगळं. आणि आटला तर खालचा आटेल, वरच्याला त्याचं काय.

पंचायतीचे एक सदस्य मला घ्यायला जीपच्या थांब्यावर आले होते. पन्नाशीचे, बोलायला मोकळे. त्यांनी आधी घरी नेलं. त्यांच्या पत्नीने तांब्याभर पाणी आणून दिलं, चहा ठेवला.

"मॅडमचं आडनाव काय म्हन्ले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आमचं आडनाव बऱ्याच जातींत सापडतं. त्यावरून नक्की काही कळत नाही, म्हणून लोक पुढचा प्रश्न विचारतातच.

"मूळ गाव कोन्तं?"

"जालना."

"जालन्याचेच? बापजाद्यापासून?"

"हो," मी म्हटलं.

त्यांचं समाधान झालं. चहा चांगला होता. मी तो खाली बघत प्यायले. हे खोटं मी काही पहिल्यांदा बोलत नव्हते. भाड्याचं घर शोधताना, प्रवासात शेजारी बसलेल्या बाईशी, असं अर्धवट उत्तर देऊन मोकळं व्हायची मला सवय होती. पण त्याच गावात बसून म्हणायची ही पहिलीच वेळ.

"पानी तं वरचंच गोडं," सदस्य म्हणाले. "खालचं मचूळ. आज्या-पंज्यापासून हेच आहे."

आम्ही आधी ओढ्यात उतरलो. आमच्या भागातला काळा पाषाण म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक साचलेले थर. दगड स्वतः पाणी धरत नाही. निवताना त्याला तडे गेले, नंतर जमिनीच्या ताणाने लांबच लांब भेगा पडल्या, आणि पाणी राहतं ते या भेगांत. भेग सापडली तर विहिरीला पाणी, नाही तर दहा हातांवर पाणी आणि इथं कोरडा पाषाण. वर उभं राहून यातलं काही दिसत नाही. ओढ्यात दिसतं, कारण तिथली माती वाहून गेलेली असते. या ओढ्यात भेगांचा एक पट्टाच होता. आठ-दहा भेगा, एकमेकींना धरून, पात्र तिरकं कापत गेलेल्या. कडेला दगड भुगा झालेला आणि एप्रिलातही ओलसर. मी होकायंत्र लावलं. पट्टा वस्तीकडे वळलेला होता, आणि वस्तीच्या पुढे त्याच रेषेत, खालच्या ओलीवर वाढलेले, तीन करंज आणि एक उंबर उभे होते. त्या रेषेच्या शेवटी मारुतीचा पार.

मी सदस्यांना तेव्हा काही बोलले नाही. रेषा दिसली म्हणून पाणी वाहतंच असं नाही. भेगा कधी चिकणमातीने बुजलेल्या असतात.

वस्तीत आलो तर आडाजवळ एक बाई शेळ्यांना पाणी दाखवत होती. साठीच्या आतली, कपाळ मोकळं, पदर खोचलेला. हरकतीच्या अर्जावर पहिला अंगठा तिच्या सासूचा आणि पहिली सही तिची होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, नजर माझ्या चेहऱ्यावर जरा थांबली. मग म्हणाली, "जय भीम, ताई."

सदस्य माझ्या शेजारी उभे होते. माझ्या तोंडून गेलं, "नमस्कार."

बस, एवढंच झालं. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. शेळीच्या पाठीवर हात ठेवून ती बाजूला झाली आणि मी आडात टेप सोडला. त्या दिवशी मी दोन्ही आडांच्या पातळ्या घेतल्या, दोन्हींत मीटर बुडवलं. गोडं आणि मचूळ म्हणतात त्या दोन पाण्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले. मी ते वहीत लिहिले. परतीच्या जीपमध्ये खिडकीशी बसून मी मनातल्या मनात तिला पंचवीस वेळा जय भीम म्हटलं असेल.

चाचणी पुढच्या आठवड्यात ठरली. वरच्या आडाची मोटार सकाळपासून सलग चालवायची, टाकी भरली की जादा पाणी ओढ्यात सोडायचं. खालच्या आडात दोन गोण्या खडे मीठ विरघळवून टाकायचं. भेग उघडी असेल तर वर उपसा झाला की खालचं पाणी तिकडे ओढलं जाईल, खालच्या आडाची पातळी उतरेल आणि वरच्या पाण्यात थोडे क्षार वाढतील. जिभेला कळणार नाहीत एवढे, मीटरला कळतील.

खालच्या आडावर पातळी घ्यायला माणूस हवा होता. ती बाई स्वतःच पुढे आली. तिने दोन दिवस शेळ्या हापशावर न्यायचं सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. बायकांनी ड्रममध्ये मीठ ढवळलं, बादल्यांनी आडात ओतलं. मी तिला टेप कसा सोडायचा, आकडा कुठला वाचायचा ते दाखवलं.

"दर पंधरा मिनिटांनी लिहायचं," मी म्हटलं.

"लिहिते," ती म्हणाली. तिने माझ्या हातातून टेप घेतला.

मी वर येऊन मोटारीच्या पाइपाजवळ निंबाखाली बसले. पहिला तासभर माणसं बघायला आली. शहरातून बाई आली आणि पाण्यात मीठ टाकून बसलीय, हे ऐकून पोरंटोरंही आली. मग ऊन चढलं, सगळे घरोघरी गेले. मी एकटी उरले. ग्लासात पाणी धरायचं, मीटर बुडवायचं, आकडा लिहायचा. आकडा हलत नव्हता. अकरा झाले, बारा झाले. डबा उघडून मी दोन पोळ्या खाल्ल्या. समोर पार होता, मागे आड. आडाच्या काठाचे दगड दोरांनी घासून खाचा पडलेले. या काठावर माझी आजी कधी उभी राहिली नसणार, हे मला माहीत होतं. ती किती अंतरावर उभी राहत असेल, कुठल्या दगडापाशी, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. कुणाला विचारणार? मी तर जालन्याची होते.

दीडच्या सुमाराला आकडा किंचित वाढला. मला वाटलं, ग्लास नीट धुतला नसेल. धुऊन पुन्हा घेतला. पुन्हा वाढलेला. अडीचपर्यंत तो चढत राहिला. मग शंका उरली नाही. वस्तीतल्या बायकांनी आडात ओतलेलं मीठ मारुतीच्या पाराजवळच्या पाइपातून बाहेर येत होतं.

पारावर एक म्हातारे गृहस्थ केव्हापासून बसले होते. नव्वदीला टेकलेले, हातात काठी. गावातल्या जुन्या जमीनदार घरातले, असं सदस्यांनी सकाळी सांगितलं होतं. ते उठून हळूहळू माझ्यापाशी आले.

"लागलं का मीठ?" त्यांनी विचारलं.

"लागलं. तुम्हाला कसं कळलं?"

"लागनारच." ते निंबाच्या बुंध्याला टेकले. "आमी ल्हान होतो तवा ह्या आडाचा तळ फोडल्ता. सुरुंग लावले. चार दिवस खालच्या वस्तीतलं पानी गढूळ झाल्तं. त्ये लोक वर येऊन सांगून गेल्ते. अन् खालच्यायनं आड उपसला की आमचं पानी दोन हात उतरायचं. जुन्या मानसायला सगळ्यायला म्हाईत होतं."

"म्हणजे पाणी एकच आहे, हे माहीत होतं?"

"व्हय की."

"आणि तरी त्यांना इथं शिवू देत नव्हते?"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. "पान्याचा सवाल न्हवता तो, बाई," ते म्हणाले. "रिवाज होता."

"तुम्हाला काय वाटायचं?"

"आमाला कुनी इचारलं न्हाई." मग म्हणाले, "आता मोटारीनं सगळ्यायला बराबर जाऊन राह्यलं की." आणि काठी टेकत ते गेले.

मी पुढचा आकडा वहीत लिहिला. वीस वर्षं मी लोकांना जमिनीखालचं न दिसणारं दाखवते असं समजत होते. इथं दाखवायला काही नव्हतंच. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना ते माझ्या जन्माआधीपासून कळलेलं होतं, आणि त्याने काहीही बदललं नव्हतं. चाचणी इतकी स्वच्छ लागल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. फार एकटं वाटलं. निंबाखाली बसून माझ्या बाजूचं असं कुणी आहे का, याचा मी विचार केला, तर खाली वस्तीत टेप घेऊन बसलेली एक बाई आठवली, आणि तिला मी नमस्कार म्हटलं होतं.

चार वाजता मोटार बंद करून मी खाली गेले. तिने वहीचं पान पुढे केलं. सुवाच्य अक्षर, एकही वेळ चुकलेली नाही. पातळी सकाळपासून सारखी उतरत गेली होती.

"दोन्हींचं पाणी एकच आहे," मी सांगितलं. "इथं, त्याच भेगांवर बोअर घेतली तर तुमचा आड जाईल आणि पाठोपाठ वरचाही जाईल."

"मंग तसं लिहा," ती म्हणाली. "आमी सांगितलं तं कुनी मानत न्हाई. मशीननं सांगितलं तं मानतील."

जीपचा हॉर्न वाजला. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "जय भीम."

"जय भीम, मॅडम," ती म्हणाली. पहिल्या दिवशी मी ताई होते.

त्या संध्याकाळी जेवताना मी टीव्ही बंद केला. बाबांनी चमकून पाहिलं. मी त्यांच्या खुर्चीशी जाऊन मोठ्यानं गावाचं नाव घेतलं आणि सगळं सांगितलं. भेगांचा पट्टा, मीठ, म्हाताऱ्यांचं बोलणं. ते ताटातल्या भातावर बोटं ठेवून ऐकत राहिले. मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल.

मग ते म्हणाले, "आम्ही वरच्या आडापाशी घागर ठेवून लांब बसायचो. आमचा आड उन्हाळ्यात आटला की. कुणाला दया आली तर वरून ओतायचे. कधी दुपार व्हायची."

"हो."

"सगळे म्हणायचे, वरचं पाणी गोड. आमचेही म्हणायचे. मी प्यायचो तर मला काही फरकच लागायचा नाही." त्यांनी भातात बोटं फिरवली. "मला वाटायचं, आपल्याच जिभेत काहीतरी कमी आहे. हे मी कुणाला बोललो नाही. आईलासुद्धा नाही."

त्यांनी भात संपवला, हात धुतला आणि आपल्या खोलीत गेले. मी भांडी घासली.

अहवाल लिहायला मला आठ दिवस लागले. एरवी दोन लागतात. शेवटच्या पानावर माझं नाव, शिक्षण, पत्ता आणि फोन नंबर असतो. त्याखाली मी एक ओळ वाढवली: मूळ गाव. आणि गावाचं नाव लिहिलं. टाइप करणाऱ्या पोराने विचारलं, "मॅडम, हे चुकून पडलं का? हे तर ज्या गावाचा अहवाल आहे त्याचंच नाव आहे."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "राहू दे."

मे महिन्यात पंचायतीच्या बैठकीत अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला गेला. ओढ्याजवळची बोअर रद्द झाली. त्याऐवजी खालच्या आडाचा गाळ काढायचा आणि दोन्ही आडांवरून एकाआड एक दिवस उपसा करायचा, असं ठरलं. बैठक संपल्यावर सदस्य मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी तवाच सांगायचं की, मॅडम. आमच्यात आता तसं काई राह्यलं न्हाई."

ते मनापासून बोलत असावेत. त्यांनी चहाला घरी बोलावलं, पण जीप सुटत होती.

चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. वस्तीतली ती बाई होती. अहवालाचं शेवटचं पान तिच्या मुलाने पंचायतीतून आणून दिलं होतं.

"तुमी कुनाच्या?" तिने विचारलं.

मी आज्याचं नाव सांगितलं. पलीकडे ती कुणाशी तरी बोलली.

"सासूला म्हाईत हाय," ती म्हणाली. "करंजाच्या अलीकडं घर होतं, म्हनते. आता तिथं कडबा लावतेत. बाप हाय का तुमचे?"

"आहेत."

"मंग आना त्यायला."

बाबा आधी नको म्हणाले. पावसाळाभर नको म्हणाले. डिसेंबरात एका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. आम्ही एसटीने कुंभार पिंपळगावला आणि तिथून जीपने गेलो. ते रस्ताभर बाहेर बघत होते, पण ओळखीचं काही दिसलं असं वाटलं नाही. गावात उतरल्यावर त्यांना आधी वरच्या आडाकडे जायचं होतं. आडावर लोखंडी जाळी बसवून कुलूप लावलेलं. मोटारीचा पाइप तेवढा आत गेलेला. तिथून आता कुणीच पाणी भरत नाही. बाबा जाळीला धरून वाकले, आत बघायचा प्रयत्न केला. जाळीत पाला अडकला होता, काही दिसत नव्हतं.

"चल," ते म्हणाले.

वस्तीत त्या बाईने अंगणात खाट टाकली होती. तिची सासू भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांनी अधू, पण आवाज खणखणीत. बाबांना तिचं बोलणं पहिल्या झटक्यात ऐकू येत होतं. तिच्या नवऱ्याचा आणि बाबांचा वर्ग एकच निघाला. मग नावांमागून नावं निघाली. कोण कुठं गेलं, कुणाची पोरगी कुठं दिली, कोण कशाने गेलं. बाबा त्या भाषेत बोलायला लागले जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "आल्तो", "गेल्तो", "मंग". एकदा दोघंही हसले. कशाला, ते मला कळलं नाही.

मी खाटेच्या कडेला बसले होते. त्यातलं एकही नाव मला माहीत नव्हतं. बाईने मला चहा दिला आणि विचारलं, "साखर बराबर हाय का?" मी हो म्हटलं. ती सासूशेजारी जाऊन बसली आणि तीही त्या नावांत बोलू लागली. मी उठून आडावर गेले, टेप सोडून पातळी घेतली. गाळ काढल्यामुळे पाणी वर होतं. वहीत आकडा लिहून मी काठावर बसून राहिले. अंगणातून बाबांचा आवाज येत होता, घरी येतो त्यापेक्षा मोठा.

चारच्या जीपने आम्ही निघालो. कुंभार पिंपळगावला उतरल्यावर बाबांनी विचारलं, "जालन्याची गाडी किती वाजता?"

"अर्धा तास आहे," मी मोठ्यानं सांगितलं.

आम्ही थांब्यावरच्या बाकावर बसलो. त्यांनी डोळे मिटले. मी रस्त्याकडे बघत राहिले.